आखाजीला न आलेल्या पोरी

रनाळ्यात मला सगळे कौसाजीजी म्हणत, आणि पाठीमागे म्हणत 'पोरी धाडणारी जीजी'. दोन्ही नावं मला ठाऊक होती आणि खरं सांगते, दुसऱ्याचा मला जास्त अभिमान होता. सासरी पटेना म्हणून माहेरी येऊन बसलेली पोर माझ्या ओसरीवर आणली की तासाभरात तिची समजूत पटायची आणि आठ दिवसांत ती गाडीत बसायची. तेवीस वर्षांत अशा एकोणीस पोरी मी नांदायला धाडल्या. त्यातली एकही तक्रार घेऊन परत आली नाही. नर्मदा विहिरीत पाय घसरून गेली, ती गोष्ट वेगळी.

माझी रीत सोपी होती. पोरीला समोर बसवायची, पाणी द्यायचं आणि बोलायला सुरुवात करायची. मीच. पोरीनं 'जीजी, मन्ही सासू' एवढं म्हटलं की पुढचं मला पाठ असायचं. घरोघरी मातीच्या चुली, त्यात नवीन काय ऐकायचं? बोलून झालं की देव्हाऱ्यातलं कानबाई देवीचं नारळ काढायचं, त्यावर पोरीचा उजवा हात ठेवायचा आणि माझ्यामागून शपथ म्हणायला लावायची. आमचे हे शाळामास्तर होते, त्यांनी मला चार अक्षरं शिकवली होती, म्हणून शपथसुद्धा मी शुद्ध मराठीत बांधली होती: 'सुखदुःख सासरचं. तक्रार घेऊन माहेरचा उंबरा ओलांडणार नाही.' आमच्या भागात कानबाईपुढे खोटं बोलायची कुणाची छाती नाही. तिची शपथ मोडली तर माहेरच्या दिव्याला झळ लागते, भावाच्या लेकरांवर येतं, हे पोरी पाळण्यात असल्यापासून ऐकत आलेल्या असतात.

सतरावी पोर माझी स्वतःची होती. सिंधू. तिचा नवरा खांडबाऱ्याला स्टेशनाजवळच्या लाकडाच्या वखारीवर मुकादम होता. लग्नानंतर वर्षातच ती न सांगता घरी आली, तेव्हा घरची म्हणून मी तिला सूट दिली नाही. हात नारळावर ठेवायला लावला आणि दुसऱ्या दिवशी धाडली. गावानं माझं नाव काढलं. स्वतःच्या पोरीलाही जी समजावते ती खरी, असं लोक म्हणाले.

हे सगळं १९३८ सालापर्यंत सुरळीत चाललं. त्या साली माघात भिला पाटलाची शोभा माहेरी येऊन बसली. सासर तापीकाठचं, जमीनजुमला भरपूर, नवरा दिसायला चांगला, आणि पोरगी येऊन कोपऱ्यात बसली ती बसलीच. जेवायला वाढलं तर जेवायची, काम सांगितलं तर करायची, पण का आलीस म्हटलं की भिंतीकडे बघायची. भिला माझ्याकडे धावत आला.

"जीजी, मन्ही पोर तोंडमाईन शबद काढत नही. आते तूच देख."

मी गेले. बोलले. माझ्याजवळ होतं नव्हतं तेवढं सगळं बोलले. शोभा ऐकत होती की नव्हती, देव जाणे. शेवटी मी नारळ पुढे केलं. तिनं नारळाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि दोन्ही हात पदराखाली घेतले.

"मी हात ठेवत नही," ती म्हणाली.

माघापासूनचा तिचा हा पहिला शब्द, आणि तो माझ्या तोंडावर. तेवीस वर्षांत असं झालं नव्हतं. नारळ पदरात घेऊन मी तशीच घरी आले.

त्यानंतर महिन्याभरानं ती बाई आली.

धुळ्याला बायकांचं एक मंडळ होतं. त्या मंडळानं आठ-दहा जणींना पुण्याला धाडून शिकवून आणलं होतं आणि खेड्याखेड्यांत सोडलं होतं. काम काय, तर अडलेल्या-नडलेल्या बायकांशी बोलायचं. आमच्या वाट्याला जसोदाबाई आली. पस्तिशीची, विधवा, पांढरं लुगडं, पायात चपला, काखेत कापडी पिशवी. शाळेमागच्या खोलीत उतरली आणि दुसऱ्याच दिवशी भिलाच्या घरी जाऊन बसली. भिलानं तिला बोलावलं नव्हतं, पण मंडळाचं पत्र पाटलाच्या नावानं आलं होतं, आणि सरकारी दिसणाऱ्या कागदाला आमच्याकडे कुणी नाही म्हणत नाही.

रीतीप्रमाणे ती मला भेटायला आली. मी तिला चहा दिला आणि खालपासून वरपर्यंत बघून घेतलं.

"पुनाले काय शिकनी?" मी विचारलं.

"सहा महिने होते जीजी. ऐकायला शिकवलं."

"सहा महिना? फक्त ऐकाले?"

"हो."

मला हसू आवरेना. देवानं दोन कान जन्मतःच दिलेत, ते वापरायला पुण्याला जायचं? गायीला चारा खायला शिकवण्यासारखंच झालं. पण ती रागावली नाही. तिनं माझी रीत विचारली, आणि मी सांगितली, अगदी मीठमसाला लावून सांगितली. एकोणीस पोरी, एकही परत आली नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं, मध्ये एक शब्द बोलली नाही. मग म्हणाली, "त्या गेल्यावर तुम्ही त्यांना कधी विचारलंत? कसं चाललंय म्हणून?"

"इचारानं काय? परत उन्यात नहीत म्हनजे चांगलंच चाली ऱ्हायनं."

ती मान हलवत उठली. ती मान हो म्हणणारी होती की नाही म्हणणारी, ते मला कळलं नाही, आणि तिथूनच माझ्या मनात पाल चुकचुकायला लागली. जी बाई तोंडावर विरोध करत नाही, तिच्या पोटात काहीतरी असतं. असं माझं तेव्हा ठाम मत होतं.

मी लक्ष ठेवायला लागले. भिलाच्या परसात कपाशीच्या काड्यांचं कुंपण आहे, त्यापलीकडे आमच्या शेणाच्या गोवऱ्या. गोवऱ्या उलट्या करायचं निमित्त करून मी दुपारभर तिथं उभी राहू लागले. काय ऐकू आलं? काही नाही. दोघी जणी भुईमुगाच्या शेंगा फोडत बसायच्या. कट् कट् आवाज तेवढा. एक दिवस गेला, दोन गेले, पाच गेले. जिनं बोलून समजूत घालायची ती शेंगा फोडतेय! मंडळ हिला याचा पगार देतं? मला खात्री पटली की ही समजूत घालायला आलीच नाही. हिला कुणीतरी धाडलंय. शोभाच्या सासरच्यांनीच धाडली असणार. पोरीचं मन काढून घ्यायचं, तिच्या तोंडून एखादी चूक वदवायची आणि मग काडीमोड करायचा, दोष पोरीच्या माथी. पैसेवाल्यांच्या युक्त्या मला काय ठाऊक नाहीत?

आणखी एक गोष्ट. चारचौघांत जसोदाबाई पुस्तकातल्यासारखी मराठी बोलायची. पण सातव्या दिवशी कुंपणाआडून मी ऐकलं, तर ती शोभाशी चक्क अहिराणीत बोलत होती. म्हणजे ही आपल्याकडचीच! मग आमच्यापासून लपवलं कशाला? डाळीत काहीतरी काळं होतं.

त्याच दिवशी शोभा बोलली. आवाज इतका बारीक होता की कुंपणाला कान लावूनही मला चारच शब्द मिळाले.

"सिंधूनी मले सांगं व्हतं..."

माझ्या हातातली गोवरी पडली. माझी सिंधू? ह्या प्रकरणात माझ्या पोरीचं नाव कशाला? पुढचं मला ऐकू आलं नाही, कारण आतल्या दोघी गप्प झाल्या होत्या. गोवरी पडल्याचा आवाज त्यांनी ऐकला असणार.

संध्याकाळी मी शाळेमागच्या खोलीवर गेले.

"मन्ही आंडेरनं नाव शोभानी कशाले लिन्हं?"

"ते शोभाचं बोलणं आहे जीजी. मला ते तुम्हाला सांगता येत नाही."

"मी तिन्ही माय शे!"

"म्हणूनच नाही सांगता येत," ती म्हणाली. "एकीचं दुसरीला सांगायचं नाही, हे पहिल्याच दिवशी शिकवतात."

वा! छान शिकवतात. माझ्या पोरीबद्दल गावात कुजबुज होते आणि मलाच कळायचं नाही. मी तिथं जे बोलले ते इथं लिहीत नाही.

चार दिवसांनी माझा पुतण्या चुडामण नंदुरबारहून आला. आमची शेती तोच बघतो. बैल सोडता सोडता म्हणाला, "काकू, ती पुनावाली बाई टेशनवर दिखनी. खांडबारानं तिकीट काढं तिनी."

खांडबाऱ्याला तिचं कोण होतं? कुणी नाही. तिथं होती फक्त माझी सिंधू. मग मी गप्प बसले नाही. भिलाकडे गेले आणि त्याला बसवून सांगितलं: ही बाई सासरच्यांची हस्तक आहे, ती तुझ्या पोरीचा संसार मोडणार आणि आता माझ्या पोरीचाही मोडायला निघालीय. भिला साधा माणूस. तो घाबरला. आम्ही ठरवलं की आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, झाली की दुसऱ्याच दिवशी शोभाचा हात नारळावर ठेवायचा, न ठेवला तर धरून ठेवायचा, आणि सासरची गाडी बोलावून तिला बसवून द्यायची. जसोदाबाईला घराची पायरी चढू द्यायची नाही. भिलानं तसा निरोप तापीकाठी धाडलाही. शोभाच्या हातात आता बाराच दिवस होते.

जसोदाबाई परत आली, तिला दारातूनच परत लावलं. ती भिलाशी भांडली नाही. माझ्याकडे आली. मी ओसरीवर शेवया वळत होते, उठले नाही.

"खांडबाराले कोनले भेटनी?"

"भेटले कुणाला तरी. सांगता येत नाही."

"मंग कसाले उनी आठे?"

ती उभ्याउभ्याच म्हणाली, "जीजी, एकच विचारते. तुम्ही धाडलेल्या एकोणीस पोरी आखाजीला माहेरी येतात का? यंदा मोजून बघा." आणि निघून गेली.

ह्या प्रश्नात काय वाकडं आहे ते मी रात्रभर शोधत बसले. आखाजीला आमच्याकडे प्रत्येक पोर माहेरी येते. भाऊ नाहीतर चुलतभाऊ गाडी घेऊन आणायला जातो, त्याला मुराळी म्हणतात. कडुनिंबाला झोके बांधतात, पोरी गाणी म्हणतात, चार दिवस सासू नाही की सासरा नाही. सिंधूला आणायला मी दर वर्षी चुडामणला धाडत होते. दोन वर्षं तो रिकामी गाडी घेऊन परत आला. 'सिंधू सुखी शे, तिले फुरसत नही.' मी लोकांना अभिमानानं सांगायचे. संसारात इतकी रमली की आखाजीसुद्धा आठवत नाही! बायका म्हणायच्या, नशीब काढलं पोरीनं. यात शंका घेण्यासारखं काय होतं?

आखाजी आली. गावाबाहेरच्या मोठ्या निंबाखाली झोके बांधले. मी एरवी पुरणाच्या घाईत असते, पण त्या वर्षी कपाळावर आडवा हात धरून निंबाखाली उभी राहिले आणि मोजायला लागले. मनात म्हणत होते, मोजून त्या बाईच्या तोंडावर फेकते.

चार.

पुन्हा मोजल्या. एकोणीसपैकी चार. चौघी उंच झोका घेत होत्या, हसत होत्या, एकीच्या कडेवर बाळ होतं. बाकीच्या पंधरा कुठे होत्या? त्यांच्या आया माझ्या शेजारीच उभ्या होत्या, दुसऱ्यांच्या पोरींचे झोके बघत. मी एकीला विचारलं, दुसरीला विचारलं. उत्तर एकच, आणि ते माझंच होतं. 'रमनी व्हई.' माझेच शब्द गावभर फिरून माझ्याकडे परत आले होते.

गावातल्या ज्या पोरी माझ्या ओसरीवर कधी आल्या नव्हत्या, त्या झाडून सगळ्या आल्या होत्या. सुखी होत्या त्या आणि रडक्या होत्या त्याही. रडक्या आईच्या गळ्यात पडून रडत होत्या, सासूला शिव्या घालत होत्या, आणि मग झोक्यावर चढत होत्या. माझ्या पंधरा मात्र हसायलाही आल्या नव्हत्या आणि रडायलाही नाहीत. त्या पंधरांत नर्मदाही होती. ती कशी येणार? तिला मी तेवीस वर्षांच्या हिशेबात 'परत आली नाही' याच बाजूला धरलं होतं, हे तिथं उभं राहून पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं.

दुपारी चुडामण आला. गाडी रिकामी.

"काय म्हने सिंधू?" मी विचारलं. आजवर असं विचारलंच नव्हतं. सुखी आहे एवढ्यावर मी उठायची.

"दारमा उभी ऱ्हायनी. म्हने, 'मायले सांग, मन्ही काही तक्रार नही.' गये साल बी हाईच म्हने, त्यानं आंगे बी हाईच."

"आखो काय?"

"आखो काही नही. कानबाईनं नारळ बरं शे ना, इतलं इचारं. ते बी दर साल इचारस."

दर साल नारळाची चौकशी! ही नुसती भक्ती नव्हती, एवढं मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिला शोभाला घेऊन माझ्या ओसरीवर आला. सासरची गाडी दुपारी यायची होती. नारळ मी काढून ठेवलं होतं, पण माझा हात त्याला लागेना. शोभाच पुढे आली. धरायची गरज पडली नाही. तिनं आपण होऊन हात पुढे केला.

"ठेवस मी हात, जीजी," ती म्हणाली. "पन मंग पुढली आखाजीले मन्ही वाट देखू नका. सिंधूनी गत."

"म्हनजे काय?"

"जिले सुख शे ती येस. जिले नही ती शपथ पाळस. पोटमा तक्रार लिसन उंबरा कसा वलांडतीन? भाऊना लेकरेसवर येई ना." ती माझ्याकडे बघत होती. डोळ्यांत पाणी नव्हतं. "सिंधूनी मले नवापूरना लगनमा सांगं. तिले वाटस, तुले ठाऊक शे."

तिला वाटतं, तुला ठाऊक आहे. माझ्या पोरीला वाटत होतं की आईला सगळं ठाऊक आहे आणि तरी आई दर वर्षी मुराळी धाडून बघतेय की शपथ मोडते का. मी नारळ उचललं आणि पदरात बांधलं.

"पोरले घर लई जाय," मी भिलाला म्हटलं. "गाडी उनी ते परत लाव. मन्हं नाव सांग."

"जीजी, तूच ते म्हने..."

"मी चुकनी!" मी ओरडले. गल्लीतल्या बायका दारात आल्या. येऊ देत.

मी तशीच नारळ घेऊन सिंधूकडे निघाले, जाताना शाळेमागच्या खोलीशी थांबले. जसोदाबाई पिशवी भरत होती, गावानं तिला जायला सांगितलं होतं. मी म्हटलं, खांडबाऱ्याला चालले, पोरीशी काय बोलू ते सांग. माझा तिच्यावर तेव्हाही पुरता विश्वास नव्हता, पण दुसरं विचारणार कुणाला?

"काही बोलू नका," ती म्हणाली.

"सहा महिनामा इतलंच शिकनी?"

"इतलंच जमाले सहा महिना लागनात, जीजी. आखो बी नीट जमत नही." पहिल्यांदाच ती माझ्याशी अहिराणीत बोलली. "सिंधूनी मले बी काही सांगं नही. पाणी दिन्हं आनि दार लावं."

नंदुरबारहून आगगाडीनं मी खांडबाऱ्याला उतरले तेव्हा तिसरा प्रहर होता. वखारीत सागाचे ओंडके रचले होते, तिकडच्या डोंगरातले कोकणी जमातीचे मजूर करवत ओढत होते. मागच्या चाळीत सिंधूची खोली. ती दारात तांदूळ निवडत होती. मला बघून उभी राहिली. किती वाळली होती! तिची नजर माझ्या तोंडावरून खाली आली, पदराच्या गाठीवर थांबली, नारळाचा गोल तिनं ओळखला आणि ती एक पाऊल मागे सरली.

"कोनी धाडं तुले?" ती म्हणाली. "परत शपथ देवाले उनी का?"

स्वतःच्या पोरीनं माझ्याकडे तसं बघावं, जसं मी महिनाभर त्या पांढऱ्या लुगड्यातल्या बाईकडे बघत होते! मला सांगायचं होतं की नाही गं, तसं नाही. सांगितलं असतं तर तिनं विश्वास ठेवला असता? मी पदर सोडला. ते नारळ माझ्या सासूनं मला दिलेलं, तिच्या सासूनं तिला. मी ते दोन्ही हातांनी उचललं आणि सिंधूच्या उंबऱ्यावर आपटलं. पहिल्यांदा फुटलं नाही. दुसऱ्यांदा फुटलं. आत पाणी नव्हतं, सुकलेली वाटी होती.

"कानबाई, काय कोप करना ते मन्हावर कर," मी म्हटलं. "सिंधू, तू मन्हा उंबरामा येत नही, म्हनीसन मी तुन्हा उंबरामा उनी. आते सांग."

आणि मी उंबऱ्यावर बसले. ती उभीच. करवतीचा आवाज येत होता. माझ्या जिभेवर शब्द नाचत होते: अगं बाई, असं होतंच, धीर धर, आम्ही नाही का काढलं. तेवीस वर्षांची सवय, ती काय अशी जाते? शेवटी मी खोबऱ्याचा एक तुकडा उचलून तोंडात टाकला, म्हणजे तोंड त्यात अडकून राहील. ते जुनं, खवट खोबरं मी चावत राहिले.

सिंधू हळूहळू खाली बसली. तिनं तांदळाचं सूप मांडीवर घेतलं. उजव्या हाताची करंगळी वाकडी जुळलेली मला दिसली. मी दुसरा तुकडा तोंडात टाकला.

"पोऱ्या झाया व्हता, माय," ती सुपात बघत म्हणाली. "अकरा दिन ऱ्हायना. मी त्यानं नाव सुपडू ठेवं व्हतं."

माझा नातू. जन्माला आला, नाव मिळालं, गेला, आणि मला कळवायची सोय नव्हती, कारण कळवणं म्हणजे तक्रार झाली असती. त्या दिवसांत मी रनाळ्याच्या ओसरीवर बसून अठराव्या पोरीला शपथ देत होते. मी तिचा वाकडा हात हातात घेतला. मग तिनं बाकीचं सांगितलं, आणि ते तिचं आहे, मी इथं लिहिणार नाही. खोबरं संपलं तरी ती सांगत होती.

दिवेलागणीच्या आधी मी शेजारणीला निरोप दिला: आखाजीसाठी आईनं नेली. आखाजीला नेतो म्हटलं की आमच्याकडे कुणी अडवत नाही, सण होऊन एक दिवस झाला असला तरी.

जसोदाबाई त्यानंतर पावसाळाभर राहिली. भिलानंच तिला थांबवून घेतलं. शोभाचं काय झालं होतं ते मला आजही माहीत नाही. बाईनं सांगितलं नाही आणि मीही कुंपणापाशी गेले नाही. दिवाळीनंतर शोभा सासरी गेली, पुढल्या आखाजीला आली, दोन दिवस रडली, दोन दिवस झोक्यावर बसली. याला गुण आला म्हणायचं की नाही, ते मंडळानं ठरवावं.

पण त्या आधीची एक गोष्ट सांगायची राहिली. सिंधूला आणलं त्याच्या दुसऱ्या सकाळी मी चुडामणला गाडी जुंपायला सांगितली. अजून चौदा घरं गाठायची होती. त्यानं विचारलं, पहिल्यांदा कुठे? मी म्हटलं, पहिल्या घराला गाडी लागत नाही, ते दोन गल्ल्या सोडून आहे. आणि चालत नर्मदाच्या आईकडे गेले.

ती जात्यावर बसली होती. मला बघून तिनं खुंटा सोडला नाही.

"आते काय समजाडाले उनी?"

"काही नही," मी म्हटलं. "आयकाले उनी."

आत ये म्हणाली नाही. पाणी दिलं नाही. पुन्हा जातं फिरवायला लागली. मी तिच्या उंबऱ्याबाहेर बसले. पायली दळून झाली, दुसरी झाली. दुपारी ती उठली आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी परत जाऊन बसले.